एक पारखी : बक ओनील



बेसबॉल हा खेळ आपल्याकडे फारसा खेळला जात नाहीं. तेव्हां अमेरिकेंतील एका बेसबॉलपटूची हकीकत आपणांपुढें कशासाठीं मांडावयाची, अशी शंका आपल्यापैकीं पुष्कळांना येईल. आणि आजच्या भाषणाचे नायक हे त्या खेळांतील कोणी विक्रमवीरही नव्हेत, हें ऐकल्यावर ती शंका अधिकच बळावेल. फलंदाजीचे त्यांचे आंकडे थोरांत थोर खेळाडूंच्या पंक्तीला बसणारे नव्हते. तरीही त्यांचें चरित्र सांगावेंसें वाटतें. कारण अंगीं गुण असणें आणि तो गुण कोणाच्या तरी नजरेस पडणें या दोन गोष्टींत केवढें अंतर असूं शकतें, हें त्या चरित्रांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें क्वचितच दुसरीकडे दिसेल. त्यांचें नांव जॉन जॉर्डन ओनील. सारी अमेरिका त्यांना बक ओनील म्हणून ओळखते.

प्रथम खेळाविषयीं चार शब्द सांगितले पाहिजेत. ज्याला क्रिकेट ठाऊक आहे त्याला बेसबॉल समजण्यास अवघड नाहीं. येथें गोलंदाजाच्या जागीं ‘पिचर’ असतो. तो ६० फूट ६ इंच अंतरावरून, चेंडूचा टप्पा पडूं न देतां, फलंदाजाकडे तो थेट फेंकतो. फलंदाजानें चेंडू टोलविला कीं बॅट टाकून ९० फुटांवरच्या पहिल्या ‘बेस’कडे धांवत सुटावयाचें. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर असे चार टप्पे असतात. ते सारे ओलांडून मूळ जागीं परत आलें म्हणजे एक धांव झाली. चेंडू मैदानाच्या कुंपणापलीकडे गेला तर फलंदाज निर्धास्तपणें चौकोनाला प्रदक्षिणा घालतो. त्यास ‘होम रन’ म्हणतात.

धंदेवाईक बेसबॉलची रचना मात्र आपल्या क्रिकेटहून निराळी आहे. सर्वांत वरचे संघ ‘मेजर लीग’मध्यें खेळतात. त्यांच्या खालीं पायरीपायरीनें ‘मायनर लीग’ पसरलेल्या असतात. १९४९ सालीं अशा ५९ लीग अमेरिकेंत चालूं होत्या. लहान लहान गांवांचे संघ, रात्रीरात्रीचे मोटारप्रवास, तुटपुंजा पगार, आणि एक दिवस वरच्या पायरीवर बोलावणें येईल ही आशा, असें तेथील जीवन असतें. बहुतेकांना तें बोलावणें येतच नाहीं. मग वय झालें कीं त्यांतले कांहीं गांवीं परत जातात. ज्यांना खेळ सोडवत नाहीं ते ‘मॅनेजर’ होतात. हा मॅनेजर कचेरींत बसून हिशेब पाहणारा गृहस्थ नव्हे. तो खेळाडूंचाच पोषाख घालून मैदानाच्या कडेला बसतो. फलंदाजीचा क्रम ठरविणें, पिचर बदलणें, धांव घ्यावयाची कीं थांबावयाचें याच्या खुणा करणें, हीं क्रिकेटमध्यें कप्तानाकडे असलेलीं बहुतेक कामें येथें त्याच्याकडे असतात. त्यापुढची पायरी म्हणजे ‘स्काउट’. आपल्याकडे स्काउट म्हटलें कीं खाकी चड्डी घातलेला बालवीर डोळ्यांपुढें येतो. बेसबॉलमधील स्काउट म्हणजे पारखी. गांवोगांव हिंडून होतकरू मुलें हेरावयाचीं आणि त्यांतील कोणता मुलगा पांच वर्षांनीं मोठा खेळाडू होईल हें आजच सांगावयाचें, हा त्याचा व्यवसाय.

खेळाडू, मॅनेजर आणि स्काउट, ही वाट हजारों माणसांनीं चोखाळली आहे. ओनील हेही त्याच वाटेनें गेले. फरक एवढाच कीं, मेजर लीग तर दूरच, पण सर्वांत खालच्या मायनर लीगचें दारही त्यांच्यासाठीं बंद होतें. ते कृष्णवर्णीय होते.

कृष्णवर्णीयांना खेळूं देऊं नये असा मेजर लीगचा लेखी नियम कोठें नव्हता. १८८४ सालीं मोझेस फ्लीटवुड वॉकर नांवाचा कृष्णवर्णीय खेळाडू वरच्या लीगमध्यें खेळून गेलाही होता. परंतु त्यानंतर संघांच्या मालकांमध्यें एक न बोललेला करार झाला आणि तो साठ वर्षें टिकला. लिहिलेला नियम रद्द करतां येतो. न लिहिलेला नियम आहे हेंच कोणी कबूल करीत नसल्यामुळें तो रद्द कोणी आणि कसा करावयाचा? अखेरीस १९२० सालीं कॅन्सस सिटी या शहरीं रूब फॉस्टर यांच्या पुढाकारानें कृष्णवर्णीय संघांनीं आपली स्वतंत्र लीग उभारली. या व यासारख्या पुढील संघटनांना ‘निग्रो लीग’ असें नांव पडलें. तेथें खेळ उच्च प्रतीचा होई, प्रेक्षकही लोटत; पण अमेरिकेच्या अधिकृत दफ्तरांत त्या खेळाची नोंद ना मेजर म्हणून होई, ना मायनर म्हणून.

ओनील यांचा जन्म १९११ सालच्या नोव्हेंबरच्या १३ तारखेस फ्लॉरिडा संस्थानांतील कॅराबेल या गांवीं झाला, आणि त्यांचें बालपण सारासोटा येथें गेलें. तेथें त्या काळीं सेलरी नांवाच्या भाजीचे मोठमोठे मळे होते. किशोरवयांत ते त्या मळ्यांतून खोकीं वाहण्याचें काम करीत. एका दिवशीं कडक उन्हांत, यापेक्षां बरें असें कांहीं तरी जगांत असलेंच पाहिजे, असे उद्गार त्यांच्या तोंडून निघाले. आपल्या आयुष्याची सुरुवात तेथून झाली, असें ते पुढें सांगत. सारासोटाचें हायस्कूल फक्त गोऱ्या मुलांसाठीं होतें. म्हणून शिकण्यासाठीं त्यांना जॅक्सनव्हिल येथील एडवर्ड वॉटर्स कॉलेजांत जावें लागलें. त्याच सारासोटा हायस्कूलनें १९९५ सालीं, म्हणजे ते त्र्याऐंशी वर्षांचे असतांना, त्यांना सन्मानपूर्वक पदविका दिली.

कॉलेज सोडल्यावर ते गांवोगांव सामने करीत हिंडणाऱ्या संघांतून खेळूं लागले. त्यांत एक संघ असा होता कीं, त्यांतील खेळाडूंना अंगाला रंग फांसून आणि गवताचे घागरे नेसून आफ्रिकेंतील रानटी लोकांचें सोंग आणावें लागे. पोटासाठीं ओनील यांनीं तेंही केलें. १९३७ सालीं मेंफिस येथील संघानें त्यांना घेतलें, आणि १९३८ पासून ते कॅन्सस सिटी मोनार्क्स या नामांकित संघाचे पहिल्या बेसवरील खेळाडू झाले. हा संघ सामान्य नव्हता. मेजर लीगमधील पहिला रात्रीचा सामना १९३५ सालीं झाला. परंतु मोनार्क्सचे मालक विल्किन्सन यांनीं विजेचे दिवे मोटारींवर लादून १९३० पासूनच रात्रीचे सामने सुरू केले होते. १९४२ सालीं या संघानें निग्रो लीगचें अजिंक्यपद पटकावलें, आणि त्या विजयांत ओनील होते.

या दिवसांचें वर्णन करतांना ओनील कधींही रडगाणें गात नसत, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. प्रवासांत गोऱ्यांच्या हॉटेलांत खोली मिळत नसे, भोजनगृहांत पाऊल ठेवतां येत नसे, हें ते लपवीत नसत. पण लोक त्यांची कींव करूं लागले तर तें त्यांना आवडत नसे. आमच्या वस्तींतल्या उत्तम हॉटेलांत आम्ही उतरत होतों, उत्तम कपडे घालीत होतों, जगांतील सर्वोत्कृष्ट वादकांशीं आमची मैत्री होती आणि जगांतील सर्वोत्कृष्ट बेसबॉल आम्ही खेळत होतों. कींव करावयाची तर ज्यांनीं तो पाहिला नाहीं त्यांची करा, असा त्यांच्या बोलण्याचा रोख असे.

महायुद्धाच्या काळांत ते आरमारांत दाखल झाले. १९४५ च्या ऑक्टोबरांत, ते फिलिपाइन्समध्यें असतांना, ब्रुकलिन येथील संघानें जॅकी रॉबिन्सन याला करारबद्ध केल्याची बातमी त्यांना कळली. रॉबिन्सन त्याच वर्षीं मोनार्क्सकडून खेळलेला होता. १९४७ च्या १५ एप्रिलला तो मेजर लीगच्या मैदानावर उतरला आणि साठ वर्षांचा अलिखित करार मोडला. ओनील तेव्हां पस्तीस वर्षांचे होते. खेळाडूच्या आयुष्यांत पस्तिशी म्हणजे उतरतें ऊन. दार उघडलें, पण त्यांना आंत शिरण्याची वेळ टळून गेल्यावर.

दुसरा एखादा माणूस येथें कडवट झाला असता. ओनील १९४८ सालीं मोनार्क्सचे मॅनेजर झाले आणि एक विलक्षण काम त्यांच्या वांट्याला आलें. मेजर लीगचे संघ आतां निग्रो लीगमधील तरुण खेळाडू उचलूं लागले होते. रॉबिन्सनबद्दल तर मोनार्क्सला एक कपर्दिकही मिळाली नव्हती. खेळाडू गेले तसे प्रेक्षकही त्यांच्या मागोमाग गेले. म्हणजे मॅनेजर या नात्यानें जितकें उत्तम शिक्षण द्यावें तितका आपला शिष्य लवकर जाणार, आणि जितके शिष्य जाणार तितका आपला संघ व आपली लीग क्षीण होणार. हें दिसत असूनही त्यांनीं शिष्य तयार केले. एल्स्टन हॉवर्ड त्यांच्या हाताखालून गेला, आणि १९५५ सालीं न्यूयॉर्क यँकीज या सर्वांत दिमाखदार संघाचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू झाला. अर्नी बँक्स हा लाजाळू तरुण मोनार्क्सकडून १९५३ सालीं शिकागो कब्ज या संघांत गेला व पुढें त्यानें ५१२ होम रन काढल्या. खेळ आनंदानें खेळावयाचा असतो हें आपण ओनील यांच्यापासून शिकलों, असें बँक्स सांगत असे.

१९५५ सालीं मोनार्क्सची मालकी बदलली, तेव्हां शिकागो कब्जनीं ओनील यांना स्काउट म्हणून नेमलें. येथून त्यांचें खरें जीवितकार्य सुरू झालें असें म्हणावयास हरकत नाहीं.

स्काउट खेळाडूची परीक्षा कशी करतो? त्याच्या हातीं एक सेकंदांचें घड्याळ आणि एक टिपणवही असते. चेंडू टोलविल्यापासून ९० फुटांवरच्या बेसवर पाय पडेपर्यंत किती सेकंद लागले हें तो टिपून ठेवतो. सव्वाचार सेकंदांच्या आंतबाहेर तेथें मुलाचें भवितव्य ठरतें. पांच गुण पाहावयाचे असतात : चेंडूला बॅट लावण्याची हातोटी, टोल्यांतील जोर, पायांतील वेग, फेंकीची ताकद आणि क्षेत्ररक्षण. प्रत्येकाला वीसपासून ऐंशीपर्यंत गुण देण्याची पद्धत आहे; पन्नास म्हणजे मेजर लीगमधील मध्यम प्रत. परंतु पारख्याला आजचा खेळ मोजून भागत नाहीं. समोरचा मुलगा सतरा-अठरा वर्षांचा असतो. त्याचे खांदे अजून भरावयाचे असतात, त्याला शिकवणारा कधीं भेटलेला नसतो, त्याचें मैदान खांचखळग्यांचें असतें. यांतील कोणता दोष शिक्षणानें जाईल आणि कोणता उपजत आहे, हें ओळखणें हीच खरी पारख. शिवाय पराभवानें हा मुलगा खचेल कीं उसळून उठेल, हें तर कोणत्याही घड्याळांत दिसत नाहीं. त्यासाठीं मैदान सोडून त्याच्या घरीं जावें लागतें, त्याच्या आईबापांशीं बोलावें लागतें.

ओनील आपली मोटार घेऊन दक्षिणेकडील संस्थानांतून हिंडूं लागले. इतर स्काउट ज्या कृष्णवर्णीय कॉलेजांकडे फारसे फिरकत नसत, तीं त्यांच्या ओळखीचीं होतीं. लुइझियानांतील सदर्न युनिव्हर्सिटीमध्यें लू ब्रॉक हा तरुण त्यांच्या नजरेंत भरला. त्याचा खेळ अजून ओबडधोबड होता; पण ओनील यांना त्याच्या पायांतील वीज दिसली. १९६० सालीं ब्रॉक कब्जमध्यें आला. कब्जना मात्र धीर निघाला नाहीं; त्यांनीं १९६४ सालीं त्याला सेंट लुई येथील संघाला देऊन टाकलें, आणि त्या संघाकडून त्यानें असा पराक्रम गाजविला कीं, निवृत्तीच्या वेळीं त्याच्या नांवावर ९३८ बेस चोरण्याचा उच्चांक होता. पारख्यानें रत्न आणून द्यावें, पण तें जतन करणें धन्याच्या हातीं असतें.

डोळ्यांप्रमाणेंच त्यांचा कानही तयार होता. बॅटवर चेंडू बसल्याचा एक विशिष्ट आवाज आपण जन्मांत तीनच फलंदाजांच्या बाबतींत ऐकला, असें ते सांगत. पहिल्यानें, लहानपणीं, बेब रूथचा. पुढें निग्रो लीगमधील जॉश गिब्सनचा. आणि पुष्कळ वर्षांनीं, कॅन्सस सिटीच्या मैदानावर, बो जॅक्सनचा. पुन्हा एकदां तो आवाज कानीं पडावा म्हणून आपण मैदानावर जातों, असें ते म्हणत. रूथचें नांव सर्व जगाला माहीत होतें. गिब्सनला मेजर लीगमध्यें एकही सामना खेळूं न देतां तो १९४७ सालीं वारला. दोघांच्या बॅटचा आवाज एकच होता, ही साक्ष देणारा माणूस होता म्हणूनच आज ती आपणांला मिळते.

स्काउटचें काम मुलगा सापडला म्हणजे संपत नाहीं, याचें एक उदाहरण सांगण्यासारखें आहे. १९५९ सालीं बिली विल्यम्स हा कब्जचा तरुण खेळाडू टेक्ससमधील सॅन अँटोनियो येथें मायनर लीगमध्यें खेळत होता. संघातील गोरे सोबती जेथें जेवत तेथें त्याला जेवतां येत नसे. रोजच्या या अपमानाला कंटाळून तो एके दिवशीं कोणाला न विचारतां अलाबामांतील आपल्या घरीं निघून गेला. कब्जनीं ओनील यांना त्याच्याकडे धाडलें. ओनील यांनीं त्याला दटावलें नाहीं, कराराची कलमें दाखविलीं नाहींत. ते त्याच्या घरीं राहिले, जेवले, इकडच्या तिकडच्या गोष्टी बोलले. आणि मग त्याला गांवांतल्या खेळाच्या मैदानावर घेऊन गेले. तेथें पोरांनीं विल्यम्सला गराडा घातला. आपल्या गांवचा मुलगा केवढा मोठा झाला, या कौतुकानें त्यांचे डोळे भरून आले होते. थोड्याच दिवसांनीं विल्यम्स परत खेळावयास गेला. पुढें त्यानें ४२६ होम रन काढल्या. ज्यानें तोच अपमान स्वतः गिळला होता अशा माणसानेंच हें काम करावें. तें वहींतल्या आंकड्यांनीं होणारें नव्हतें.

१९६२ सालीं कब्जनीं ओनील यांना ‘कोच’ म्हणजे खेळशिक्षक नेमलें. मेजर लीगमधील हे पहिले कृष्णवर्णीय कोच. वर्तमानपत्रांतून त्याचा गाजावाजा झाला. त्या काळीं कब्जमध्यें एक मॅनेजर नसे. कोचमंडळ आळीपाळीनें संघ चालवी. परंतु ओनील यांची पाळी कधींच आली नाहीं, आणि सामना चालूं असतांना बेसजवळ उभें राहून धांवणाऱ्यांना खुणा करण्याचें कामही त्यांना दिलें गेलें नाहीं. आठ वर्षें मोनार्क्स चालविलेल्या माणसाला! मेजर लीगमध्यें पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर व्हावयास १९७५ साल उजाडावें लागलें. तो मान फ्रँक रॉबिन्सन याला मिळाला. ओनील मुकाट्यानें आपल्या मोटारीकडे व टिपणवहीकडे परतले.

१९६५ पासून स्काउटच्या धंद्याचें स्वरूपही पालटलें. तोंवर ज्यानें मुलाला प्रथम गांठावें आणि त्याच्या घरच्यांचा विश्वास मिळवावा त्याला करार करतां येई. त्या वर्षापासून सर्व संघांनीं एकत्र बसून क्रमवार निवड करावयाची असा नियम झाला. आतां स्काउटनें फक्त शिफारस करावयाची. तरीही ओनील यांच्या शिफारशींतून ली स्मिथ हा पिचर आणि जो कार्टर हा फलंदाज कब्जना लाभला. १९९३ सालीं ज्या होम रननें टोरँटोच्या संघाला अजिंक्यपद मिळालें ती याच कार्टरची. १९८८ सालीं ओनील कॅन्सस सिटी रॉयल्सकडे गेले आणि शहाऐंशी वर्षांचे असतां, १९९८ सालीं, त्यांची मध्यपश्चिम भागांतील उत्कृष्ट स्काउट म्हणून निवड झाली.

उतारवयांत त्यांनीं पारख्याचें आपलें काम भूतकाळाकडे वळविलें. १९९० सालीं कॅन्सस सिटी येथें निग्रो लीगचें संग्रहालय स्थापन झालें. त्याचे ते आधारस्तंभ होते. १९९४ सालीं केन बर्न्स यांच्या बेसबॉलवरील बोलपटमालेंत त्यांनीं सांगितलेल्या आठवणी दूरचित्रवाणीवर लक्षावधि लोकांनीं ऐकल्या, आणि ऐंशी वर्षें उलटल्यावर ते एकाएकीं प्रसिद्ध पुरुष झाले. त्या प्रसिद्धीचा उपयोग त्यांनीं विसरलेल्या सोबत्यांचीं नांवें घेण्याकडे केला.

आतां शेवटचा प्रसंग. न्यूयॉर्क संस्थानांतील कूपर्सटाउन येथें बेसबॉलमधील थोर पुरुषांचें कीर्तिमंदिर आहे. २००६ सालीं निग्रो लीगमधील व त्यापूर्वीच्या उपेक्षितांचा विचार करण्यासाठीं एक खास समिति बसली. तिनें सतरा जणांना निवडलें. त्या सतरांत ओनील नव्हते. एका मतानें त्यांचें नांव हुकलें, असें त्या वेळीं प्रसिद्ध झालें. निवडलेले सतराही जण हयात नव्हते. मग समारंभांत त्यांच्या वतीनें बोलावयाचें कोणी? ओनील यांना विचारण्यांत आलें, आणि ते आनंदानें उभे राहिले. ज्या मंदिराचें दार पांच महिन्यांपूर्वीं स्वतःच्या तोंडावर बंद झालें होतें, त्याच्या पायरीवर ३० जुलै रोजीं त्या चौऱ्याण्णव वर्षांच्या वृद्धानें सतरा मृत सोबत्यांचा गौरव केला. द्वेष करणें आपल्याला कधीं शिकवलेंच गेलें नाहीं, असें सांगून त्यांनीं जमलेल्या सर्वांना एकमेकांचे हात धरावयास लावले व आपल्याबरोबर गावयास लावलें. त्याच महिन्यांत कॅन्सस सिटीजवळील एका स्वतंत्र मायनर लीगच्या सामन्यांत ते गमतीखातर बॅट घेऊन उभेही राहिले होते. ज्या पायरीवर तारुण्यांत पाऊल टाकतां आलें नाहीं, ती अशी चौऱ्याण्णवाव्या वर्षीं लाभली. ६ ऑक्टोबर २००६ रोजीं त्यांचा अंत झाला.

२०२० सालच्या डिसेंबरांत मेजर लीगच्या चालकांनीं जाहीर केलें कीं, १९२० ते १९४८ या काळांतील सात निग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा होता असें यापुढें समजण्यांत यावें. त्यायोगें सुमारें ३,४०० खेळाडूंचीं नांवें अधिकृत दफ्तरांत आलीं. खेळ पूर्वीं होता तोच होता. पाहणाऱ्यांची दृष्टि बदलावयास शंभर वर्षें लागलीं. पुढील वर्षीं ओनील यांची कीर्तिमंदिरासाठीं निवड झाली आणि २०२२ च्या जुलैंत त्यांच्या नांवाचा फलक तेथें बसविण्यांत आला.

कॅन्सस सिटीच्या त्या संग्रहालयांत बेसबॉलचें एक छोटें मैदान मांडलेलें आहे. त्यावर निग्रो लीगमधील थोर खेळाडूंचे पुतळे आपापल्या जागीं उभे आहेत. आंत शिरणाऱ्या पाहुण्याला तें मैदान प्रथम तारेच्या जाळींतून दिसतें; सारा इतिहास पाहून झाल्यावर, शेवटीं, त्याला मैदानांत प्रवेश मिळतो. तेथें मॅनेजरच्या वेषांत बक ओनील यांचा पुतळाही आहे. जाळीच्या अलीकडे उभें राहून पलीकडच्या खेळाची किंमत ओळखणें, आणि दार उघडतांच आपल्याआधीं दुसऱ्यांना आंत पाठविणें, यांत या माणसाचें आयुष्य खर्ची पडलें. मुलांची किंमत आपण परीक्षेच्या गुणांवर, माणसांची किंमत त्यांच्या हुद्द्यांवर ठरवीत असतों. ज्याचें नांव कोणत्याच यादींत नाहीं असा एखादा मुलगा आपल्याही शेजारीं असेल. त्याच्याकडे थोडें थांबून पाहण्याची बुद्धि या चरित्रापासून झाली, तर बेसबॉल कधीं न पाहिलेल्या आपणांसही तें ऐकल्याचें सार्थक होईल.